जुन्या लोखंडी लायनी बदलून पेक्स टाकताना: तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घरातल्या जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) लायनी काढून पेक्सचे, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिथिलीन प्लास्टिकचे, लवचिक पाईप टाकल्यावर तक्रार येते ती बहुधा जोडाची. अखंड पेक्स भिंतीत क्वचितच फुटतो. जोड गळतो, तो नेमका कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसते, आणि मग भिंत तीन ठिकाणी फोडावी लागते. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यात दोनच गोष्टींची काळजी घेतली आहे: लपलेले जोड कमीत कमी असावेत, आणि जो लपणार आहे तो लपण्यापूर्वी दाबाखाली तपासलेला असावा.

पेक्स वाकतो, हलका असतो, करवत आणि आटे पाडण्याचे यंत्र लागत नाही. त्यामुळे लोक थेट कापाकापीला हात घालतात. तसे करू नका.

टप्पा १: पाना उचलण्यापूर्वीची पाहणी

पहिली परीक्षा मुख्य कॉकची. तो पूर्ण बंद करा, घरातला सर्वांत खालचा नळ उघडा आणि पाणी निथळू द्या. पंधरा मिनिटांनंतरही बारीक धार चालू असेल तर कॉक धरत नाही. जुन्या गेट व्हॉल्व्हची ही नेहमीची खोड. आधी तो बदला. त्याच्या जागी पूर्ण छिद्राचा बॉल व्हॉल्व्ह बसवा. अर्धी लायन कापल्यावर ही गोष्ट कळली तर त्या दिवशीचे काम तिथेच संपते.

दुसरी गोष्ट, सध्याचा पाईप कशाचा आहे ते पाहा. झाकलेल्या जागी किंचित खरवडा. लोखंडाला चुंबक चिकटते. तांबे लालसर दिसते. चुंबक चिकटत नाही, खरवडलेली जागा चांदीसारखी चमकते आणि धातू नखानेही दबतो, तर ते शिसे असू शकते. शिशाचा तुकडा मध्ये शिल्लक ठेवून पुढे पेक्स जोडण्यात काही अर्थ नाही. तो मुळापासून काढा. जुन्या गरम लायनीवर राखाडी, धुळीसारखे भुसभुशीत आवरण असेल तर त्याला हात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, आणि ते काढणे त्या कामाच्या जाणकाराकडेच द्यायला हवे.

> थांबा: अर्थिंग. अनेक जुन्या घरांत विजेचे अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाईपला जोडलेले असते. मध्ये हातभर प्लास्टिक आले तरी तो मार्ग तुटतो. नळ, गीझर, दिवे सगळे पूर्वीसारखे चालत राहतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बिघाड झालेल्या उपकरणाला हात लागतो तेव्हा कळते. पाईपला तार बांधलेली दिसली किंवा नुसती शंका आली, तरी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घेतल्याशिवाय लोखंडी पाईप कापू नका.

टप्पा २: नकाशा काढा

कागदावर प्रत्येक नळ, फ्लश टाकी, शॉवर, गीझर, वॉशिंग मशीनची जागा मांडा आणि रस्ते ठरवा. पद्धती दोन आहेत. एकीत जाड मुख्य लायन फिरवून जागोजागी टी टाकून फाटे काढतात. दुसरीत एका ठिकाणी मॅनिफोल्ड, म्हणजे प्रत्येक फाट्याला वेगळा कॉक असलेले वाटपाचे तोंड, बसवून तिथून प्रत्येक नळापर्यंत स्वतंत्र, अखंड पाईप नेतात.

भिंतीत किंवा जमिनीखाली पाईप जाणार असेल तर माझा कौल मॅनिफोल्डला. पाईप जास्त लागतो हे खरे, पण जोड उरतात दोनच: एक मॅनिफोल्डवर, दुसरा नळाशी. दोन्ही हाताला येतात. मधली संपूर्ण लांबी बिनजोडाची. एक नळ दुरुस्त करायचा तर फक्त त्याचाच कॉक बंद करायचा, बाकी घर चालू. लोखंडी लायनीत दर वळणाला एल्बो लागायचा. पेक्समध्येही जुन्याच रस्त्याने, जुन्याच एल्बोंच्या जागी नवे एल्बो टाकत जाणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे. पाईप वाकवायचा असतो.

मॅनिफोल्डची एक उणीव मात्र मान्य करायला हवी. गीझर मॅनिफोल्डपासून आणि मॅनिफोल्ड नळापासून लांब असेल, तर प्रत्येक नळ आपापल्या पाईपमधले गार पाणी आधी बाहेर टाकतो. त्यामुळे गरम पाण्याचा मॅनिफोल्ड गीझरजवळ ठेवा. पाईप उघड्यावरून, हात पोचेल असा जाणार असेल तर टी पद्धतही चांगली चालते.

टप्पा ३: व्यास ठरवा

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून सावकाश वाचा. लोखंडी पाईप ‘अर्धा इंची’ म्हणतो तेव्हा त्याचे आतले छिद्र साधारण १६ मिमी असते. पेक्सवर लिहिलेला १६ मिमी हा बाहेरचा व्यास. भिंत २ मिमी जाड धरली तर आत उरतात १२ मिमी. छिद्राचे क्षेत्रफळ २०१ चौरस मिमीवरून ११३ वर येते, म्हणजे जवळजवळ निम्मे. शिवाय बहुतेक पेक्स फिटिंग पाईपच्या आत घुसतात, त्यामुळे प्रत्येक जोडापाशी वाट आणखी अरुंद होते.

पंपाचा किंवा जलवाहिनीचा ३ बार दाब असेल तर हे खपून जाते. छतावरच्या टाकीतून उताराने येणारे पाणी असेल तर खपत नाही. उंचीच्या प्रत्येक मीटरला साधारण ०.१ बार दाब मिळतो. टाकीतले पाणी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर हातात ०.३ बारच आहेत. तिथे १६ मिमीचा लांब फाटा टाकला तर शॉवर रडतो आणि दोष पाईपच्या जातीला दिला जातो.

म्हणून असा हिशेब धरा. चांगला दाब असेल तर एकेका नळाला १६ मिमी आणि मॅनिफोल्डपर्यंतची लायन २५ मिमी. टाकीवरचे, कमी दाबाचे पाणी असेल तर शॉवर आणि गीझरला २० मिमी, आणि टाकीपासूनची मुख्य लायन २५ किंवा ३२ मिमी. फ्लश टाकी आणि वॉश बेसिनला १६ दोन्हीकडे पुरतो. गरज नसताना गरम पाण्याचा फाटा जाड करू नका. जितका जाड, तितके जास्त थंड पाणी आधी वाहून जाते.

टप्पा ४: सामान एकाच पद्धतीचे घ्या

पेक्स-ए, पेक्स-बी, पेक्स-सी यांतले अक्षर पाईप बनवण्याची पद्धत सांगते, प्रत नव्हे. ‘ए’ जास्त लवचिक असतो आणि ताणून बसवायच्या जोडाला चालतो. ‘बी’ थोडा ताठ, क्रिंप आणि क्लॅम्प रिंगला (बाहेरून दाबून आवळायच्या धातूच्या कड्या, टप्पा ६ पाहा) उत्तम. दोन्ही चांगले, त्यांची सरमिसळ वाईट.

मिलिमीटरचा १६ आणि इंची मापाचा अर्धा इंच पेक्स शेजारी ठेवले तर डोळ्याला सारखेच दिसतात. इंची पाईपचा बाहेरचा व्यास १५.९ मिमी असतो, पण भिंतीची जाडी वेगळी असल्याने आतले माप जुळत नाही. एकाचे फिटिंग दुसऱ्यात जाते, पहिल्या दिवशी पाणीही धरते, आणि गरम-थंड होत राहिले की सुटते. पाईप, फिटिंग, रिंग आणि हत्यार हे चारही एकाच मापपद्धतीचे आणि एकमेकांसाठी बनवलेले हवेत.

पाईपवरचा छाप वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी असल्याचा उल्लेख, मानक (मिमी मापासाठी आयएसओ १५८७५), तापमान आणि दाब हे सगळे छापलेले असते. इंची पाईपवर सहसा २३ अंश सेल्सिअसला ११ बार आणि ८२ अंशांना ६.९ बार अशा अर्थाचे आकडे दिसतात: पाणी तापले की पाईपची ताकद कमी होते, हे त्यातून समजून घ्या. लाल आणि निळा हा फक्त ओळखीचा रंग आहे, माल तोच. जमिनीतून तापवण्यासाठी विकला जाणारा पाईप पिण्याच्या पाण्याला वापरू नका.

फिटिंग पितळी घेणार असाल तर जस्त झिजणार नाही असे, डीझेडआर जातीचे घ्या. लोखंडाशी जिथे आटे जुळवायचे तिथे प्लास्टिकचे आटे नकोत.

> चूक: पेक्सला सॉल्व्हंट सिमेंट लावणे. तो चिकटत नाही. त्यावर आटेही पाडता येत नाहीत. रंग, थिनर, पेट्रोल, तेलकट सीलंट हे पाईपला लागूही देऊ नका.

टप्पा ५: जुनी लायन चालू ठेवून नवी टाका

क्रम उलटा झाला की घर चार दिवस बिनपाण्याचे राहते आणि मग घाईत जोड मारले जातात. लोखंडी लायनीला हात न लावता शेजारून पेक्स ओढा. बदल अगदी शेवटी करायचा.

कॉइल जमिनीवर आडवी ठेवून वरून वेटोळी ओढू नका, पाईपला पीळ पडतो. कॉइल उभी धरा आणि घरंगळत नेत पाईप सोडा. थंडीत पाईप ताठ होतो. ओढण्याआधी काही वेळ उबदार खोलीत ठेवा. आगीची ज्योत त्याच्याजवळ नेऊ नका. टोकाला टेप लावा, म्हणजे भिंतीतून ओढताना सिमेंट-माती आत शिरणार नाही.

वळणाची त्रिज्या बाहेरच्या व्यासाच्या किमान आठपट ठेवा: १६ मिमीला १३ सेंमी, २० मिमीला १६ सेंमी. कॉइलच्या नैसर्गिक वळणाच्या उलट दिशेला वाकवायचे असेल तर याहून बरीच मोठी त्रिज्या लागते. कोपऱ्यात वळणाचा आधार, म्हणजे धातूचा किंवा प्लास्टिकचा वाकडा क्लॅम्प, नक्की वापरा. पाईप दुमडून पांढरी घडी पडली तर तो भाग कापून टाका. पेक्स-ए गरम हवेने पूर्ववत होतो, उत्पादक तशी मुभाही देतात. ‘बी’ होत नाही.

आडव्या पाईपला दर ८० सेंमीला आणि उभ्या पाईपला साधारण सव्वा मीटरला क्लिप द्या. क्लिप गुळगुळीत आणि सैल हवी, पाईप तिच्यातून सरकला पाहिजे. कारण पेक्स लोखंडापेक्षा कितीतरी जास्त वाढतो: तापमान १० अंशांनी चढले की दर मीटरमागे दीड ते दोन मिमी. पंचवीस अंशांचे पाणी साठावर गेले तर १० मीटरची गरम लायन पाच ते सात सेंटीमीटर लांब होते. ताणून, सुतासारखी सरळ बसवलेली लायन छान दिसते खरी, पण गार झाल्यावर ती दोन्ही टोकांचे जोड खेचत राहते. मध्ये थोडी झोळ किंवा नागमोड ठेवा.

भिंतीत झिरी मारून पाईप पुरायचा असेल तर तो बाहेरच्या लवचिक नळीतून, म्हणजे स्लीव्हमधून न्या. पाईपला सरकायला जागा मिळते, सिमेंट थेट लागत नाही, आणि वळणे मोठी ठेवली असतील तर पुढे कधीतरी भिंत न फोडता पाईप ओढून नवा घालता येतो. वीटकाम आणि काँक्रीट यांतून आरपार जातानाही स्लीव्ह द्या. लोखंडी चौकटीतून जात असेल तर छिद्राला रबरी कडे बसवा.

> थांबा: ऊन. पेक्सला सूर्यप्रकाश सोसत नाही. छतावर, बाहेरच्या भिंतीवर उघडा पाईप टाकू नका. तिथे दुसरा योग्य पाईप वापरा आणि पेक्स घरात शिरल्यावर सुरू करा. कॉइलही गच्चीत पडू देऊ नका.
>
> जमिनीत पेट्रोल, डिझेल किंवा सॉल्व्हंट मुरलेले असेल तर तिथूनही पेक्स नेऊ नका. अशी द्रव्ये पाईपच्या भिंतीतून आत झिरपू शकतात. उंदरांचा वावर असलेल्या पोकळीतून न्यायचा असेल तर धातूच्या आवरणातून न्या.

टप्पा ६: जोड

पाईप कटरने काटकोनात कापा. करवतीचा तिरपा, केसाळ काप हा गळतीचा पाया असतो. कापल्यावर टोक पुसा, कड तपासा.

*क्रिंप रिंग.* आधी रिंग पाईपवर चढवा, मग फिटिंग खांद्याला टेकेपर्यंत आत ढकला. रिंग पाईपच्या टोकापासून ३ ते ६ मिमी मागे हवी. हत्यार पाईपशी काटकोनात धरा आणि एकदाच, पूर्ण दाबा. मग गेज, म्हणजे रिंग नीट दाबली गेली का ते तपासणारी खाचांची पट्टी, लावा. ‘जातो’ लिहिलेली खाच रिंगवर चढली पाहिजे आणि ‘जात नाही’ लिहिलेली अडली पाहिजे. तसे झाले नाही तर त्याच रिंगवर दुसऱ्यांदा दाब मारू नका. पाईप कापून नवी रिंग घ्या. प्रत्येक जोडाला गेज लावा, नमुन्यादाखल दोनचारांना नव्हे. गेज लावलेल्या जोडावर मार्करने खूण करत जा.

*क्लॅम्प रिंग.* अडचणीच्या जागी सोयीची, कारण हत्यार फक्त रिंगच्या कानाला धरायचे असते. हत्यार आपोआप सुटेपर्यंत दाब सोडू नका.

*ताणून बसवायचा जोड.* फक्त पेक्स-ए. प्रत्येक वेळी हत्यार थोडे फिरवून ताणा, नाहीतर आत एकाच रेषेत चर पडतो आणि तिथून पाणी येते. ताणल्याबरोबर फिटिंग घाला आणि पाईप आवळेपर्यंत धरून ठेवा. थंडीत त्याला जास्त वेळ लागतो. लगेच दाब देऊ नका.

*ढकलून बसणारे जोड.* दुरुस्तीसाठी उत्तम. पाईपवर घुसण्याची खोली आधी खुणावून ठेवा आणि फिटिंग खुणेपर्यंत गेले याची खात्री करा. भिंतीत कायमचे बुजवू नका.

मधोमध ॲल्युमिनियमचा थर असलेला पाईप घेतला असेल तर कापलेल्या टोकाचे तोंड कॅलिब्रेटरने गोल करून आतली कड उतरवणे सक्तीचे समजा. ही पायरी गाळली की फिटिंग घालताना त्यावरची रबरी ओ-रिंग कापली जाते.

> तपासा: हाताने प्रत्येक जोड हलवून, फिरवून पाहा. दाबायचाच राहून गेलेला जोड हा विनोदी वाटणारा पण सर्रास होणारा प्रकार आहे. घट्ट घातलेले फिटिंग रिंग न दाबताही थोडा वेळ पाणी धरते.

टप्पा ७: नळाची टोके आणि गीझर

लोखंडी पाईप नळाचे वजन स्वतः पेलत होता. पेक्स पेलणार नाही. प्रत्येक नळाच्या ठिकाणी स्क्रूने भिंतीला आवळता येणारा, कान असलेला पितळी एल्बो बसवा. एल्बो बसवताना टाईल्सची आणि प्लास्टरची जाडी मोजून घ्या, म्हणजे तोंड खूप आत जात नाही. मिक्सरच्या दोन तोंडांमधले अंतर लेव्हल लावून नक्की करा. नंतर ते हलत नाही.

आटे जुळवताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळा. आधी आट्यांचा जोड आवळा, मग पेक्स बसवा. उलट केले तर पाईपला पीळ बसतो.

गीझरला पेक्स थेट जोडू नका. आधी किमान ४५ सेंमी धातूचा पाईप किंवा धातूची लवचिक नळी, मग पेक्स. सेफ्टी व्हॉल्व्हचा निचरा धातूच्या पाईपनेच काढा. सौर तापकाचा पॅनेलकडचा भागही धातूचाच हवा. पाणी वापरात नसताना तिथले तापमान शंभर अंशांच्या वर जाऊ शकते.

एक बारीक गोष्ट. बाथटब असेल तर मिक्सरपासून खालच्या तोटीपर्यंत अर्धा इंची पेक्स टाकू नका. अरुंद वाटेमुळे पाणी अडते, वर चढते आणि तोटी चालू असताना शॉवर ठिबकू लागतो. तेवढा तुकडा तांब्याचा किंवा लोखंडी ठेवा.

टप्पा ८: दाबाची चाचणी, भिंत उघडी असताना

सगळी तोंडे आट्यांच्या प्लगने बंद करा, गीझर आणि उपकरणे वेगळी ठेवा. पाण्याने भरा आणि सर्वांत उंच टोकातून हवा पूर्ण बाहेर काढा. हातपंपाने उत्पादकाने चाचणीसाठी दिलेल्या दाबापर्यंत जा. तो आकडा मिळाला नाही तर घरातल्या कमाल दाबाच्या दीडपट.

पंपावरच्या दाबाच्या गेजचा काटा सुरुवातीला खाली येईल. घाबरून जोड उकलू नका. दाबाखाली पेक्स किंचित फुगतो आणि तेवढा दाब उतरतो. दहा-दहा मिनिटांनी दोनदा पुन्हा दाब भरा, मग किमान अर्धा तास काटा पाहा. आता तो घसरत राहिला तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसा. बारीक ओल हाताला कळत नाही, कागदावर दिसते. जमल्यास तोच दाब रात्रभर ठेवा, मात्र रात्री गारवा आला की काटा थोडा हलतो हे ध्यानात असू द्या.

हवेने चाचणी घेऊ नका. दाबलेल्या हवेत साठलेली ताकद मोठी असते, आणि सुटलेले फिटिंग गोळीसारखे उडते.

टप्पा ९: बदलाचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा आणि दुकाने उघडी असतील असा दिवस निवडा. पिण्याचे पाणी भरून ठेवा. गीझरची वीज किंवा गॅस बंद करा. रिकामा गीझर चुकून चालू झाला तर त्याचा हीटर जळतो.

लोखंडी पाईप मधूनच कापण्यापेक्षा युनियन (सोडवता येणारा आट्यांचा जोड) किंवा सॉकेटपाशी उघडा. दोन पाने लागतात: एक मागचा पाईप घट्ट धरायला, दुसरा फिरवायला. एकाच पान्याने जोर लावला की गंजलेला पाईप भिंतीच्या आत मुळाशी पिचकतो. आटे निघाले की तारेच्या ब्रशने साफ करा, खाल्लेले नाहीत हे बघा आणि मगच पितळी ॲडॉप्टर चढवा. या जोडाच्या घरच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह द्या.

पेक्सला जोडण्यापूर्वी मुख्य कॉक थोडा उघडून जुन्या टोकातून बादलीत पाणी सोडा. हलवाहलवीने सुटलेला गंज लाल गाळ होऊन येतो. तो नव्या लायनीत गेला तर मिक्सरच्या आतली काडतुसे (कार्ट्रिज) आणि फ्लश टाकीचा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी अडतात. जोडल्यावर नळांच्या जाळ्या काढून ठेवा, मॅनिफोल्डचा एकेक कॉक उघडा आणि प्रत्येक नळ स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. आधी थंड, मग गरम. गीझरमधून पाणी अखंड येऊ लागल्यावरच तो चालू करा. नव्या पाईपमध्ये रात्रभर थांबलेल्या पाण्याला सुरुवातीला प्लास्टिकचा वास येऊ शकतो. काही दिवस सकाळचे पहिले पाणी पिण्याला न घेता झाडांना घाला.

टप्पा १०: भिंत बुजवण्याआधी आणि नंतर

प्रत्येक भिंतीचे फोटो घ्या, मोजपट्टी चौकटीत दिसेल अशी धरून. पुढे कुणी कपाट टांगायला ड्रिल लावेल तेव्हा हे फोटोच पाईप वाचवतील. जिथे पाईप भिंतीच्या पृष्ठभागाजवळून जातो तिथे वर लोखंडी पट्टी ठोका. गरम लायनीला इन्सुलेशन चढवा. प्लास्टर करताना लायनीत दाब ठेवा आणि दाबाचे गेज लावलेले असू द्या. छन्नी किंवा खिळा लागला तर काटा तिथल्या तिथे सांगतो.

निकामी झालेले जुने पाईप भिंतीत राहणार असतील तर दोन्ही टोकांना प्लग मारा आणि एकही फाटा अजून पाण्याशी जोडलेला नाही याची खात्री करा. विसरलेल्या फाट्यात पाणी महिनोन्महिने साचते आणि तिथली घाण चालू लायनीत येते.

गरम पाणी आठवडाभर वापरल्यावर मॅनिफोल्ड, गीझर आणि बेसिनखालचे जोड पुन्हा टिश्यूने पुसून बघा. आट्यांचे जोड या काळात किंचित सैल होतात, ते हलक्या हाताने आवळा. क्रिंप रिंगला हात लावू नका. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा तासभर हललेला नाही हेही पाहा. मॅनिफोल्डच्या प्रत्येक कॉकवर नळाचे नाव लिहा, आणि टप्पा २ मधला नकाशा, झालेल्या बदलांसह, मॅनिफोल्डच्या जवळच चिकटवा.